मित्रांचा कंपू घेऊन ब्लूज रॉक गिटारिस्टला लाइव्ह ऐकायला जाताना

पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही सातजण होतो. तासभर गिटार नुसती कडाडत होती. मग एका संथ गाण्याच्या मध्यावर त्या माणसाने करंगळीने गिटारवरचं व्हॉल्यूमचं बटण मागे फिरवलं. ड्रमरच्या स्टिक्स झांजेला नुसत्या शिवत होत्या. अख्खा हॉल गप्प झाला, इतका की अँपची, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्याची, बारीक घरघर ऐकू यायला लागली. आणि नेमका तेव्हाच आमच्यातला एक, जो पाणी आणायला गेला होता आणि परतताना हरवला होता, फोनवर ओरडला, "अरे डावीकडे रे! खांबापाशी!"

गिटारिस्टने तिकडे मान वळवली, हसला, आणि त्याच चालीवर चार सूर वाजवले. खां-बा-पा-शी. हॉल खदखदून हसला, आमची मान खाली.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं आहे. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची जुनी गायकी, आणि तिला विजेच्या गिटारचा जोर दिला की ब्लूज रॉक. तो मोठ्या आवाजासाठी प्रसिद्ध असला, तरी लाइव्ह ऐकायला जायचं ते गिटार हळू होते त्या दोन-तीन मिनिटांसाठी. बाकीचं सगळं घरी स्पीकरवर बऱ्यापैकी मिळतं. हे मिळत नाही. त्या वेळी कंपूतला प्रत्येकजण जागेवर, शुद्धीत आणि कान शाबूत असलेला हवा. खाली लिहिलेली तयारी त्यासाठीच आहे.

कोणाला न्यायचं

चार किंवा पाच जण पुरे. सातजणांना गर्दीत एकत्र ठेवणं म्हणजे बेडकं तराजूत तोलण्यासारखं. शिवाय सातांपैकी दोघे कायम कुठेतरी गेलेले असतात आणि उरलेले पाच त्यांना शोधत असतात.

स्वतः गिटार वाजवणारा एक मित्र असावा, पण त्याला कडेला उभं करावं. तो दर गाण्याला पेडलचं, म्हणजे आवाज बदलायच्या पायाखालच्या बटणाचं, नाव सांगतो. ब्लूजशी काही घेणंदेणं नसलेला एकजण मुद्दाम न्यावा. तो विचारतो ते प्रश्न ("हा डोळे का मिटतो?") परतीच्या वाटेवर फार उपयोगी पडतात. फक्त सोबत म्हणून येणारा आणि दर वीस मिनिटांनी "किती वेळ चालणार अजून?" असं विचारणारा मित्र कितीही जवळचा असला, तरी त्याला दुसऱ्या दिवशी भेटा.

तिकिटं

एकानेच सगळ्यांची काढावीत आणि पैसे काढायच्या आधी गोळा करावेत. नंतर मागताना मैत्री आणि पैसे दोन्ही अडकतात. आयोजकाने जाहीर केलेल्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. पुनर्विक्रीचं घ्यायची वेळ आलीच तर ते तिकीट तुमच्या नावावर हस्तांतरित होतं का, हे पैसे देण्याआधी बघा. काही तिकिटांचा कोड अ‍ॅपमध्ये सतत बदलत असतो, त्याचा स्क्रीनशॉट दारावर चालत नाही. म्हणून ज्याचं तिकीट त्याच्या फोनवर आधीच पाठवून ठेवा. पाचही तिकिटं एकाच्या फोनवर आणि त्याचीच बॅटरी दोन टक्के, हे आम्ही करून चुकलो आहोत.

तिकिटावर दोन वेळा असतात, दार उघडण्याची आणि कार्यक्रम सुरू होण्याची. मुख्य कलाकार दुसऱ्या वेळेलाही येत नाही, आधी सहसा दुसरा एखादा बँड असतो. त्याला चुकवू नका. त्याच्या वाजवण्यावरून हॉल कसा वाजतो ते कळतं आणि जागा बदलायला वेळ मिळतो.

उभ्याची तिकिटं की बसायची? उभं राहिलं की अंग हलतं, शफल, म्हणजे ब्लूजचा झुलता ठेका, पायात शिरतो. पण कोणाच्या पाठीचा किंवा गुडघ्याचा प्रश्न असेल तर हट्ट करू नका, बसायची घ्या. अडीच तास उभं राहून दुखणाऱ्या माणसाला सोलो ऐकू येत नाही, खुर्च्या दिसतात.

आठवडाभर आधी: बारा बार मोजायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. गाणी पाठ करू नका, साचा शिका.

ब्लूजचा सर्वांत प्रचलित साचा बारा बारचा. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एकूण 48 मात्रांचं एक आवर्तन. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे जुडगे, तीनच: सा, म आणि प या सुरांवर उभे राहिलेले. पहिले चार बार घरी, म्हणजे सा वर. मग दोन बार म वर, दोन परत घरी. नवव्या बारला प, दहाव्याला म, आणि शेवटचे दोन घरी येऊन पुढच्या आवर्तनाला ढकलणारे. गिटारिस्टना ई ची पट्टी लाडकी, कारण तिथे मोकळ्या तारा हाताशी येतात. त्यात हे तीन कॉर्ड होतात ई, ए आणि बी.

मिनिटाला 120 मात्रांचा शफल असेल तर हे आवर्तन 24 सेकंदांत संपतं. 60 मात्रांच्या संथ ब्लूजला 48 सेकंद लागतात. बोटांवर मोजत दोन-चार गाणी ऐका. तिसऱ्या दिवशी मोजावं लागत नाही, नववा बार आला की आपोआप पाठ ताठ होते. ताल धरून बसणाऱ्याला सम जशी न सांगता कळते, तसंच हे. गिटारिस्ट कधी बाराव्या बारपलीकडे मुद्दाम लटकत राहतो, कधी पहिल्याच बारमध्ये गप्प बसतो. साचा कानात असेल तरच ही गंमत कळते, नाहीतर नुसते भरभर सूर.

शब्दांनाही साचा असतो. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि तिसऱ्या ओळीत उत्तर. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात, पण गाणारा साधारण अर्धेच वापरतो. उरलेल्या जागेत गिटार बोलते. एक म्हणतो, दुसरी जाब देते. ब्लूज गिटारिस्ट बी. बी. किंग तर सांगायचे की आपल्याला गाताना वाजवता येत नाही. ते गायचे, थांबायचे, मग गिटार गायची.

सुरांचंही थोडं. साथीच्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार असतो आणि गिटार कोमल गंधारावरून त्याच्याकडे सरकते, पण बऱ्याचदा तिथवर पोचत नाही. ते मधलं दुखणं म्हणजे ब्लूज. तार बोटाने आडवी ताणून सूर चढवतात त्याला बेंड म्हणतात. मींड ऐकून वाढलेल्या कानाला तो परका वाटायचं कारण नाही. बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून स्लाइड वाजवणारा डेरेक ट्रक्स अली अकबर खाँसाहेबांच्या सरोदवादनाचा भक्त आहे, आणि ते ऐकूही येतं.

या घराण्याची वंशावळ थोडक्यात माहीत असावी. रॉबर्ट जॉन्सनने 1936 आणि 1937 मध्ये एकट्याने, साध्या गिटारवर 29 गाणी ध्वनिमुद्रित केली. मडी वॉटर्स 1943 मध्ये मिसिसिपीहून शिकागोला आला. तिथल्या दारूच्या गुत्त्यांच्या गोंगाटात साधी गिटार कोणाला ऐकू जाईना, म्हणून विजेची घेतली. मग ब्रिटनमधली पोरं हे सगळं रेकॉर्डवरून शिकली. 1966 मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या बँडमध्ये लेस पॉल गिटार मार्शल अँपला जोडली आणि आवाज फाटेपर्यंत चढवून ध्वनिमुद्रण केलं. ब्लूज रॉकचा तो जाडसर, लांबणारा सूर बऱ्याच अंशी तिथून आला. पुढे हेन्ड्रिक्स, रोरी गॅलाघर, स्टीव्ही रे व्हॉन, आणि आजचे जो बोनामासा किंवा गॅरी क्लार्क ज्युनिअर. तुमचा कलाकार यांतल्या कोणाच्या अंगणात वाढला ते आधी शोधा. कार्यक्रमात तो कधीतरी त्या अंगणात एक चक्कर मारतोच.

ऐकायचं ते त्याचं लाइव्ह ध्वनिमुद्रण. स्टुडिओत चार मिनिटांचं गाणं मंचावर बारा मिनिटांचं होतं. आधीच्या कार्यक्रमांतल्या गाण्यांची यादी मात्र बघू नका. पुढे काय येणार हे माहीत असलेला मित्र ते सांगितल्याशिवाय राहत नाही.

कान

ही पायरी सगळे टाळतात. आवाज 85 डेसिबल असेल तर कानाला आठ तास चालतो. पुढे दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. 88 ला चार तास, 91 ला दोन, आणि 100 ला पाव तास. रॉकचा कार्यक्रम 100 च्या आसपास सहज जातो. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा ठिकाणांसाठी जे मानक काढलं, त्यात सरासरी 100 डेसिबल ही वरची मर्यादा आहे.

फोमचे इअरप्लग स्वस्त आणि चांगले, पण ते वरचे सूर जास्त खातात, सगळं गोधडीतून ऐकल्यासारखं होतं. संगीतासाठी मिळणारे फिल्टरवाले घेतले तर आवाज सगळीकडून सारखा उतरतो आणि गिटारची धार राहते. फोमचा घालायची रीत: बोटांत वळून बारीक वात करायची, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, वात आत सरकवून फुगेपर्यंत बोट दाबून ठेवायचं. अर्धवट खोचलेला प्लग म्हणजे कानात अडकवलेला दागिना.

प्रत्येकासाठी एक जोडी आणि वर एक जास्तीची. "मला नको" म्हणणारा तिसऱ्या गाण्याला हात पुढे करतो.

त्या दिवशी

आत शिरल्यावर पहिलं काम, हरवलो तर भेटायची जागा ठरवणं. हलू न शकणारी आणि मंचापासून लांब. आत नेटवर्क मिळेल असं धरू नका. दुसरं, स्वच्छतागृह आणि पाणी आधी उरकून घेणं. गाणं संथ झालं की "आता जाऊन येतो" असं अनेकांना वाटतं. नेमकं तेव्हाच जायचं नाही. जायचं तर ओळखीचं धमाल गाणं सुरू झाल्यावर जा, ते काय बाहेरही ऐकू येतं.

पोट रिकामं नसावं, पायात जुनी सवयीची चप्पल नको, बूट असावेत, पाठपिशवी नको. पुढे.

उभं कुठे राहायचं

पहिली रांग फोटोला छान, कानाला वाईट. गाण्याचा आवाज मोठ्या स्पीकरमधून तुमच्या डोक्यावरून मागे जातो. तुमच्या वाट्याला येतात ड्रम आणि मंचावरचे अँप. त्यातही गिटारचा अँप टॉर्चसारखा सरळ रेषेत फेकतो. समोर आलात तर कानात सुई, दोन पावलं बाजूला झालात तर धार गायब.

हॉलच्या मधोमध, आवाजाच्या मिक्सरवर बसलेला माणूस दिसतो ना, त्याच्या थोडं पुढे उभं राहा. तो त्याला जे ऐकू येतं त्यावरून आवाज जुळवतो, म्हणजे ते तुमच्यासाठीच जुळवल्यासारखं होतं. भिंतीला चिकटू नका, कोपऱ्यात बास साचतो. बाल्कनीच्या खाली खोल जाऊ नका, तिथे वरचे सूर पोचत नाहीत. मोकळ्या मैदानात असाल तर आणखी एक गोष्ट: आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. 34 मीटर मागे असाल तर मंचावरच्या ड्रमवर काठी पडलेली दिसते आणि तिचा आवाज दहावा भाग सेकंद उशिरा येतो. हात आणि सूर एकत्र पाहायचे असतील तर त्याच्या निम्म्या अंतरात या.

मधोमध उभं राहून किंचित डावी-उजवी करता येते. उजव्या हाताने वाजवणाऱ्याच्या गिटारची मान प्रेक्षकांच्या उजवीकडे येते. तार ताणणारी बोटं पाहायची असतील तर मध्याच्या थोडं उजवीकडे, छेडणारा हात आणि बटणं पाहायची असतील तर थोडं डावीकडे. डावखुरा असेल तर उलट. मी हल्ली डावीकडे असतो. का, ते पुढे.

काय बघायचं

बहुतेकजण तोंडाकडे बघतात. तोंड वाकडं झालं म्हणजे सूर खोल, असा समज आहे. हात बघा.

डाव्या हाताचा थरथराट, म्हणजे व्हायब्रेटो, ही गिटारिस्टची सही. बी. बी. किंगला नात्यातल्या बुका व्हाइटसारखी स्लाइड जमेना. तो आवाज काढायच्या नादात त्यांनी नुसतं बोट हलवून सूर थरथरवायला सुरुवात केली, आणि जगाने ती ढब उचलली. अल्बर्ट किंग डावखुरा, पण उजव्या हाताची गिटार उलटी धरायचा. त्यामुळे बाकीचे ज्या तारा वर ढकलतात त्या तो खाली ओढायचा, आणि त्याचा बेंड वेगळाच रुंद लागायचा. स्टीव्ही रे व्हॉनची पहिली तार 0.013 इंचाची, जिथे बरेचजण 0.009 किंवा 0.010 ची लावतात. एवढ्या जाड तारा ताणता याव्यात म्हणून सगळी गिटार अर्ध्या सुराने उतरवलेली. हे माहीत असलं की समोरचा माणूस किती जोर लावतोय ते दिसायला लागतं.

पायाजवळची पेडलं पाहा, पण त्यांत अडकू नका. सोलोच्या आधी पाय खाली गेला की आवाज जाड होणार, एवढं पुरे.

आता बटण. गिटारवरचं व्हॉल्यूम कमी केलं की नुसता आवाज कमी होत नाही. वाल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अँपला कमी सिग्नल मिळतो, त्याचं फाटणं थांबतं आणि तोच सूर स्वच्छ, काचेसारखा होतो. एकाच गिटारमधून, एकही पेडल न दाबता. स्ट्रॅटोकास्टर जातीच्या गिटारवर हे बटण करंगळीच्या टप्प्यात असतं, म्हणून सूर छेडून लगेच ते फिरवता येतं आणि गिटार सारंगीसारखी हळूच उगवते. लेस पॉलवर दोन पिकअपना (तारांचा आवाज टिपणाऱ्या पट्ट्यांना) दोन वेगळी व्हॉल्यूमची बटणं, त्यामुळे एक पूर्ण बंद आणि एक चालू ठेवून पिकअप बदलायच्या खटक्याने आवाज तोडताही येतो. मी डावीकडे उभा राहतो तो या हातासाठी. करंगळी बटणाकडे गेली की मी शेजारच्याच्या खांद्यावर टकटक करतो. आमच्यात ती खूण ठरलेली आहे: आता बोलायचं नाही.

हळू झाल्यावर

ब्लूज गिटारिस्ट बडी गाय यात उस्ताद. गरजता गरजता एकदम कुजबुजीवर यायचं, पुढे झुकल्याशिवाय ऐकू येणार नाही इतकं. तुमचाही कलाकार हे करील. अशा वेळी एक टोकाचा उत्साही प्रेक्षक "वूऽऽ" करून ती पोकळी भरतो. तो तुमच्यातला नसावा.

शक्य असेल तर इअरप्लग क्षणभर सैल करा, आवाज तसाही उतरलेला असतो. गिटार सिंगल कॉइल (तारेच्या एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची असेल तर विजेची घरघर ऐकू येईल, बोट तारेवर घासल्याचा खरखराट येईल. बार मोजा. संथ ब्लूजमध्ये आवर्तनाला पाऊण मिनिट, आणि तो दोन-तीन आवर्तनं तिथेच रेंगाळतो. मग दहाव्या-अकराव्या बारला ड्रमर अंग सावरतो, ऑर्गन चढायला लागतो आणि पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला सगळं एकदम कोसळतं. ते कोसळणं अंगावर घ्यायचं असेल तर प्लग त्याआधी परत घट्ट करा. मी एकदा विसरलो होतो.

फोनबद्दल आमचा नियम असा: कंपूतल्या एकाने एकच गाणं टिपायचं, तेही सुरुवातीचं. फ्लॅश कधीच नाही, तो मंचापर्यंत पोचत नाही, फक्त पुढच्याची मान उजळते.

संपल्यावर

एन्कोर म्हणजे वन्स मोअर, पण हा बहुधा आधीच ठरलेला. दिवे लागेपर्यंत हलू नका. त्यानंतर मंच आवरणाऱ्यांकडे गाण्यांच्या यादीचा कागद किंवा पिक (तार छेडायची चकती) मागितला तर कधीकधी मिळतो. ते गुडघ्यावर बसून वायरी गुंडाळत असतात, ओरडून नाही, जवळ जाऊन मागा. बाहेर पडायची घाई असलेली गर्दी आधी जाऊ द्या.

कानात शिट्टी वाजत असेल तर त्या रात्री पुन्हा हेडफोन नको. दोन दिवसांत ती गेली नाही तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. एका कानाने अचानक ऐकूच येईनासं झालं तर दोन दिवसही थांबू नका.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी टाकलेलं त्या रात्रीचं चित्रण शोधा आणि कंपू जमवून बार मोजत ऐका. हात बघताना निसटलेलं बरंच सापडतं. आमच्या त्या पहिल्या कार्यक्रमाचं कोणा अनोळखी माणसाने केलेलं चित्रण अजून आहे. गिटार कुजबुजीवर येते, घरघर ऐकू येते, नववा बार, दहावा बार, आणि अकराव्याला अगदी स्पष्ट, गिटारपेक्षा वरच्या पट्टीत: "अरे डावीकडे रे! खांबापाशी!" खांब उजवीकडे होता.